बक्षिशीची ओळ

पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि दुपारची शांतता मोडली. यास्नाने उठून राजम्याखालचा गॅस बारीक केला आणि आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. चार वर्षांची नोएमी पालथी पडून, तोंड उघडं टाकून झोपली होती. अजून तासभर तरी उठायची नाही. तेवढ्यात यादी व्हायला हवी होती.

डोंगरावरच्या दुर्बिणीने आज रात्री काय काय बघायचं, ते यास्ना या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ठरवायची. सेहेचाळीस दीर्घिका, दर तीन रात्रींनी पुन्हा त्याच. नवा फोटो जुन्याशी ताडून बघायचा. कुठे नवा ठिपका उगवला असेल, तर तो मरणारा तारा, सुपरनोव्हा. कोणती दीर्घिका आधी मावळते, चंद्र कुणाच्या जवळ येतो, हे सांभाळत ओळी लावायच्या आणि पाचच्या आत वर पाठवायच्या.

शेवटची ओळ मात्र कोरी सोडायची. पहाटेचं दीड मिनिट. वर सगळे तिला बक्षिशी म्हणत. रात्रभर दुसऱ्याच्या यादीबरहुकूम दुर्बीण फिरवणाऱ्याने तेवढं दीड मिनिट आपल्या मर्जीने कुठेही बघावं. यास्नाचे वडील एलेआसार तीस वर्षं तिथे पाळी करत, तेव्हापासूनची ही पद्धत.

गेला आठवडाभर ती ओळ कोरी राहत नव्हती.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, ओस्वाल्दोकाकांनीच भरली असेल. वडिलांचे जुने सोबती; आता त्यांच्या खुर्चीवर तेच बसत. तिने फोन केला तर ते हसायला लागले.

"अगं पोरी, मला वाटलं तूच भरतेस. बापाच्या आठवणीने. म्हटलं, भरू दे बिचारीला."

तिसऱ्या दिवशी तिने त्या ओळीतले दिशेचे आकडे पुसले, राजमा ढवळून परत आली, तर आकडे जागच्या जागी. कुणी भरले, त्या रकान्यात नाव नव्हतं.

त्या ओळीच्या सुरुवातीच्या फोटोंमध्ये नुसतं आकाश होतं, एकही दीर्घिका नसलेलं. मग आकडे रोज थोडे खाली, थोडे खोऱ्याच्या बाजूला सरकू लागले. परवाच्या फोटोत डोंगराची कड आली. कालच्या फोटोत उतरणीचा रस्ता होता, वळणावरच्या पॉप्लरच्या झाडांसकट. इतक्या खाली दुर्बीण वळते तरी कशी, असं तिने सकाळी विचारलं, तेव्हा काका हसले नाहीत.

"वळत नाही," ते म्हणाले. "खाली लोखंडी अडसर आहे तिला. आणि पोरी, मी बटणाला हातही लावला नव्हता."

दुपारी वेधशाळेच्या प्रमुखांचं पत्र आलं. असली ओळ पुन्हा आली, तर यादीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ. नवरा उत्तरेला खाणीत, महिन्यातून एकदा घरी येणारा. घरी बसून, लेकीला डोळ्यांसमोर ठेवून करता येईल, असं दुसरं काम साऱ्या खोऱ्यात नव्हतं.

आजचे आकडे तिने नकाशावर मांडले. शिखरापासून सरळ रेघ ओढली. रेघ वळणावरून, नदीवरून, द्राक्षांच्या मळ्यांवरून आली आणि तिच्या घराच्या छपरावर थांबली.



चार वर्षांपूर्वी तिचे दिवस भरत आले होते. ती फोनवर वडिलांना म्हणाली होती, पाळी बदलून घ्या आणि खाली या. ते म्हणाले, तीनच तर दिवस राहिलेत, संपली की येतो. आई गेली तेव्हाही ते वरच होते, हे तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. ती म्हणाली, "मग येऊच नका."

पाळी संपायच्या आदल्या रात्री ते खुर्चीतच गेले. दोन दिवसांनी नोएमी झाली.

पडद्यावर लाल पट्टी आली: शेवटची ओळ क्षितिजाच्या खाली आहे. पुसायची का?

पाचला चार मिनिटं कमी होती. पुसणं म्हणजे तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलणं.

तिने ओळ ठेवली आणि यादी पाठवून दिली.

रात्री ती नोएमीला कुशीत घेऊन पडली. जागी राहायचं ठरवलं होतं, पण झोप लागलीच.

सकाळी सातला फोटो आला.

तिच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती. आत दिवा जळत होता. तो तिने लावला नव्हता.

काचेला तळवे टेकवून नोएमी बाहेर बघत होती. पण खिडकीची खालची कड नोएमीच्या डोक्याच्याही वर येते. फोटोत ती त्या कडेच्या वर, कमरेपासून दिसत होती, उचलून धरल्यासारखी.

तिच्या मागे नुसता अंधार होता.

दीड मिनिटाचा फोटो, आणि एक बोटही हललं नव्हतं. ही पोर कधी इतकी स्थिर राहत नाही.

डोळे चोळत नोएमी आली आणि यास्नाच्या मांडीवर चढून बसली. फोटोकडे तिने एकदाच बघितलं, रोजचंच काही असावं तसं.

"ताता म्हणाले, पाळी संपली."

आजोबांना ताता म्हणायचं, हे तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं.

"आई," तिने हळूच विचारलं, "आता ते कुठे झोपणार?"