सहा देश आणि एक वाकडा काटा

“लाज नाही वाटत?” मी त्या पोस्टरला विचारलं.

विचारलं म्हणजे काय, चांगली ओरडलेच. व्हरांड्यात कुणी नव्हतं. पोरं वर्गात होती. माझ्या हातात डाव होता (शाळेतली पोरं मला डावताई म्हणतात ते काही उगाच नाही) आणि समोरच्या भिंतीवर ते भलंमोठं पोस्टर. ‘जगभरची मुलं शाळेत काय जेवतात?’ सहा देश, सहा ताटं. चकचकीत वाटाणे, पांढरंशुभ्र दूध, फुलासारखा कापलेला टोमॅटो… आणि खाली डबे पुरवणाऱ्या एका कंपनीचं नाव.

त्या कंपनीचं म्हणणं असं, की शाळेनं आपलं स्वयंपाकघर बंद करावं. आम्ही अस्सेच डबे गाडीतून पाठवू. शुक्रवारी पालकसभेत काय तो निकाल लागणार होता. आणि स्वयंपाकघर माझं होतं हो! म्हणजे शाळेचंच, पण माझ्या आईनं तिथे हयात घालवली, तिच्यानंतर मी, आणि सोबतीला माझी मावशी. पोस्टर लागल्यापासून पालक आम्हाला येता-जाता ऐकवत होते, “बघा, तिकडची मुलं काय काय खातात! आणि आमच्या पोरांना सूप, पाव नि बटाटे!” तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होणार?

मी जवळ जाऊन एकेक ताट निरखलं. आणि थबकलेच. पहिल्या देशाच्या ताटाशेजारी एक काटा होता. त्याचा एक दात बाहेर वाकलेला. दुसऱ्या देशातही… तोच. तिसऱ्यातही!

“अगं बाई! सगळ्या जगाला मिळून एकच वाकडा काटा?”

“इतक्या दिवसांत कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं…” मागून कुणीतरी म्हणालं.

मी गर्रकन वळले. उंच, किडकिडीत, खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी, चष्म्यामागे मिस्कील डोळे. कान मात्र लालबुंद.

“तुम्ही कोण?”

“फोटोग्राफर.”

“कशाचे फोटो काढता?”

त्यानं गुपचूप पोस्टरकडे बोट दाखवलं.

“काटा आमच्या घरचा आहे,” तो म्हणाला. “आईनं त्यानं बरणीचं झाकण उघडायला घेतलं होतं. झाकण नाही उघडलं…”

“काट्याचं राहू दे! हे देश कुठे आहेत?”

“टायरच्या दुकानावर माझी खोली आहे. तिथेच… एका टेबलावर.”

“आणि दूध?”

“पांढरा गोंद. दुधावर साय धरते हो, गोंद बिचारा शांत बसतो.”

“वाटाणे?”

“कच्चे. वरून तेल चोपडलेलं.”

“ह्यातल्या एका तरी देशात पाऊल टाकलंयत?”

“मी अजून विमानात बसलेलो नाही,” तो म्हणाला. आणि वर हसला! माझ्या रोजीरोटीवर उठलेला माणूस, आणि हसतोय!

“मग इथे कशाला तडमडलात?”

“तुमच्या जेवणाचा फोटो हवाय. सभेत दाखवायला.”

“घ्या की! खुशाल घ्या!” मी म्हणाले. “माझ्या सूपमध्ये गोंद नसतो.” आणि स्वतःच्या हातानं मी त्याला ताट भरून दिलं. गरम सूप, ताजा पाव, उकडलेले बटाटे, अंडं. ते घेऊन तो रिकाम्या वर्गात गेला तो दुपार उलटल्यावरच परत आला. ताट जसंच्या तसं. सूपवर जाड साय, पाव वाळून कडक.

“अहो, हे अन्न आहे का शोभेची वस्तू?” माझा पारा चढला. “भूक नव्हती तर सांगायचं! बसा तिथे. दुसरं वाढते.”

तो मुकाट्यानं बसला. वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला, तो त्यानं काढून ठेवला, आणि मग जो जेवला… पोरांसारखा. वाटी पुसून पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकेपर्यंत मान वर केली नाही.

“हे फोटोत कसं आणायचं?” त्यानं हळूच विचारलं.

“फोटोत कशाला? पोटात गेलं की झालं.” पण खरं सांगते, त्या प्रश्नानं मी थोडी विरघळले. म्हणूनच बोलून गेले, “सभेत तुम्हीच सांगा ना खरं. मी मुख्याध्यापिकाबाईंना काटा दाखवला, तर म्हणतात, काटे काय, सगळे सारखेच दिसतात.”

त्यानं रिकामी वाटी बाजूला सारली. “सगळं काम ह्या एकाच कंपनीचं आहे. ते गेलं तर… घरात मी आणि आई. कमावणारा मी एकटाच.”

“मग या आता,” मी म्हणाले, आणि पातेलं आपटलं.

दुसऱ्या दिवशी स्वारी मागच्या दारात हजर!

“फोटो झाला ना काढून?”

“झाला. पण भूक लागली.”

“इथे फुकट वाढत नाहीत. बटाटे सोला.”

त्यानं सोलले. बटाटे कसले, सुपाऱ्या राहिल्या हातात! मी ओरडले, त्यानं ‘हो हो’ म्हणत आणखी एकाचा जीव घेतला, आणि मग बोटच कापून घेतलं.

“हसताय?” तो कळवळून म्हणाला.

“मी? हसले नाही. समाधान वाटलं.” मी पट्टी आणून त्याच्या बोटाला बांधली. मावशीचं लक्ष नव्हतं. निदान तिनं तसं दाखवलं तरी.

“हात सोडा आता,” मी पुटपुटले.

“तुम्ही धरलाय…”

मी असा झटक्यात सोडला, की तो पुन्हा कळवळला.

“तुम्ही रागावलात की मीठ बरोबर पडतं,” जेवताना तो म्हणाला. “आज सूप जरा अळणी आहे.”

“म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?”

“काही नाही. हे बघा, आता बरोबर होईल.”

तो गेल्यावर मावशी भांडी विसळत म्हणाली, “काय गं, ह्या माणसाचा राग येतो ना तुला?”

“येतो म्हणजे? भयंकर येतो!”

“मग सकाळपासून दाराकडे चारदा बघून आलीस ती? आणि हे कानातले?”

“मावशी, तू गप बस.”

तिसऱ्या दिवशी त्यानं बटाटे बऱ्यापैकी सोलले. वाढताना एका लहानग्या पोरीनं वाटी पुढे केली आणि ‘आणखी’ म्हणाली, तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मला डाव कुठे बुडवायचा तेच सुचेना. दारात जाऊन थांबला. “मला एक सांगायचं होतं…” म्हणाला. मग म्हणाला, “जाऊ दे. उद्या.” मी वेडी, मला वाटलं… काय वाटलं ते वाटलं. रात्रभर स्वतःवरच चिडत होते.

उद्या म्हणजे शुक्रवार. सभागृह पालकांनी गच्च भरलेलं. मावशी आणि मी भिंतीला टेकून उभ्या. कंपनीचे साहेब, कडक इस्त्रीचे, पडद्यावर एकेक देश दाखवत होते आणि लोक ‘वा’, ‘अरे वा’ करत होते. गोंदाला वा! मी दातओठ खात होते.

“आणि ही,” साहेब म्हणाले, “आपली शाळा.”

पडद्यावर माझं ताट आलं. राखेच्या रंगाचं सूप, वर सुरकुतलेली साय. वाळून वाकलेला पाव. काळपट बटाटे.

“शी!” पुढे बसलेली एक आई म्हणाली. “हे खातात आमची मुलं?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशीचं ताट! भूकबीक काही नाही, मुद्दाम ठेवलं होतं त्यानं ते. माझ्या हातानं, ऐटीत, मीच भरून दिलेलं. आणि नंतर माझ्याच चुलीपाशी बसून गरमागरम जेवला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच, असं मी मावशीला सांगितलं. तिनं माझा हात घट्ट धरला.

“हा फोटो मी काढलाय.”

तो मागच्या रांगेतून उठला होता. चालत थेट पडद्यापर्यंत आला.

“हे सूप आलं तेव्हा वाफाळत होतं. साहेबांनी सांगितलं होतं, ताट वाईट दिसलं पाहिजे. म्हणून मी ते वाऱ्यावर ठेवलं, साय धरेपर्यंत वाट पाहिली, आणि मग काढला. आधीचे सहा देशही माझेच आहेत. ते टायरच्या दुकानावर आहेत. त्या दुधात गोंद आहे. तोच काटा सहाही ताटांशेजारी आहे, बघा.”

सभागृहात कलकलाट झाला. साहेब ओरडत होते, “खाली बस! उद्यापासून तुझं काम बंद!”

“बरं,” तो म्हणाला.

“मग तिकडची मुलं खरंच खातात तरी काय?” एका वडिलांनी चिडून विचारलं.

“मला माहीत नाही. मी तिकडे गेलोच नाही. तुमची मुलं काय खातात ते मात्र बघितलंय. ती पुन्हा मागून खातात.”

मग बरीच वादावादी झाली. साहेब पडद्याची वायर ओढून निघून गेले. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी हात वर करायला सांगितले, आणि स्वयंपाकघर राहावं म्हणून इतके हात वर गेले, की मोजायची गरजच पडली नाही. ‘शी’ म्हणणाऱ्या आईचाही होता. “फळं मात्र वाढवा,” मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या. “आणून द्या, कापते,” मी म्हणाले, आणि तडक मागच्या दाराकडे गेले.

तो तिथेच पायरीवर उभा होता.

“स्वयंपाकघर वाचलं ना?” त्यानं विचारलं. “आता तरी…”

“आता तरी काय? माझ्या अन्नाची अशी विटंबना करून वर तीन दिवस माझ्याच समोर बसून जेवलात! तेव्हा तोंड शिवलं होतं?”

“रोज सांगणार होतो. पण तुम्ही वाढायला यायचात… आणि वाटायचं, आज नको. सांगितलं तर उद्या दारात उभं करणार नाही.”

“नव्हतेच करणार!”

“तेच तर.”

“आणि कामावर लाथ मारायला कुणी सांगितलं होतं? घरी काय सांगशील? आईला काय तोंड दाखवशील? काही विचार केलास का रे?”

“सकाळीच सांगून आलोय तिला. म्हणाली, एवढा वेळ कशाला लावलास?” तो थांबला. चष्मा काढला, शर्टाला पुसला. “आणि म्हणाली, जिच्यापुढे मान खाली घालावी लागतेय, तिच्यावर तुझा जीव आहे. खरं आहे ते. जीव आहे माझा तुमच्यावर.”

आत मावशीच्या हातून झाकण पडलं. दाराला कान लावून झाकण धरता येत नाही, हे तिला कोण सांगणार!

 माझा संताप तर असा मावत नव्हता! ह्यानं मला रडवलं, ह्यानंच वाचवलं, आणि आता बिनकामाचा, बावळटासारखा उभा राहून माझ्याकडे बघतोय…

“मी तुला माफ केलेलं नाही,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

“एवढ्यात करणारही नाही.”

“बरं.”

“बरं काय बरं! मला तू आवडतोस, कळलं? खूप आवडतोस! आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतोय!”

 त्याचे डोळे भरून आले.

“अगं, मग त्याला आत घे ना!” मावशी आतून ओरडली. “पायरीवर काय भांडताय? उरलेलं आत बसून भांडा, जन्म पडलाय!”

मी त्याची बाही पकडली आणि त्याला आत ओढलं.