ताटाखालचा कागद

"अहो, तो कागद मला चित्र काढायला हवाय!" डेल्फी ओरडली. पण पाववाल्या मिस्टर क्विगलींनी तोवर त्याची घडी करून ती खिशात घातलीसुद्धा!

थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभार मानायच्या सणाच्या सुट्टीचा पहिलाच दिवस. मिसेस लुंड यांच्या खानावळीत मॅरित, गस आणि गसची धाकटी बहीण डेल्फी पॅनकेकवर तुटून पडले होते. शेजारच्या टेबलावरून मॅरितचे डॅड नुकतेच उठून गेले होते. ते हॉलोवे कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच. न्याहारी करता करता ताटाखालच्या कागदावर पुढच्या सामन्याचे डाव आखायचे आणि कागद तिथेच टाकून निघून जायचं, ही त्यांची जुनी खोड!

"सिरप सांडलेला कागद पाववाल्याला कशाला लागतो?" गस म्हणाला.

मॅरितचा घास हातातच राहिला. सलग तीन वर्षं हॉलोवे ब्रॅडविक कॉलेजकडून हरत होतं. चेंडू जिकडे जायचा, तिकडे ब्रॅडविकचे गडी आधीच हजर! शुक्रवारी पुन्हा त्यांच्याशीच गाठ होती, आणि कॉलेजच्या प्रमुख डीनबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, या वेळी हरलात तर नवा कोच शोधू. म्हणजे पुन्हा सामानाची खोकी, पुन्हा नवं गाव. मॅरितची ही चौथी शाळा होती, आणि जिवाभावाचे मित्र तिला इथेच पहिल्यांदा मिळाले होते.

"चला!" ती उठलीच.

पावाच्या गाडीमागे तिघं दबा धरून बसले. मिस्टर क्विगलींनी कागद उलगडला, त्याचा फोटो काढला आणि फोन कानाला लावला. "पाठवलाय बघ, पुतण्या! तुझ्या ब्रॅडविकच्या पोरांना दाखव."

मॅरितने धावत जाऊन डॅडना गाठलं आणि सगळं सांगितलं. पण ते हसायलाच लागले. "क्विगली? अगं, आपण इथे आलो त्या दिवशी गरम पाव घेऊन दारात आलेला माणूस तो! भलतंसलतं बोलू नकोस."

"मोठ्या माणसांना पुरावा लागतो," गस म्हणाला.

"पुरावा देऊ की!" मॅरित म्हणाली. "उद्या डॅड नवे डाव आखतील, तेव्हा कागदच बदलून टाकू. त्यांचं अक्षर मला हुबेहूब काढता येतं. आपल्या संघात अठ्ठ्याऐंशी नंबर कोणाचा?"

"बूनचा! पण त्याने चार वर्षांत एकदाही चेंडू धरलेला नाही. समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करायची, एवढंच त्याचं काम."

"झकास! चेंडूचे सगळे बाण त्याच्याकडेच काढू!"

गुरुवारी डॅड खानावळीतून बाहेर पडताच डेल्फीने खरा कागद टोपीत कोंबला आणि खोटा टेबलावर ठेवला. पाच मिनिटांत मिस्टर क्विगली तो घेऊन पसार!

शुक्रवारी मैदानावर काय गंमत उडाली! बून जाईल तिथे ब्रॅडविकचे दोन धिप्पाड गडी त्याला चिकटलेले. तो पाणी प्यायला निघाला तरी त्यांची नजर त्याच्यावरच! "मी यांचं काय घोडं मारलंय?" बिचारा बून सगळ्यांना विचारत होता. डॅडही डोकं खाजवत होते. मध्यंतराला गुण सात–दहा, हॉलोवे मागेच.

मॅरित दोरीखालून घुसली. "डॅड, बूनला चेंडू देणार असं कुणाला सांगितलंत?"

"बूनला? वेड लागलंय का मला?"

"मी सांगितलं! कागदावर! काल क्विगलींनी नेला तो मीच आखला होता." तिने खरा कागद त्यांच्या हातात ठेवला.

डॅडचा चेहरा पडला. "म्हणजे तीन वर्षं... मीच माझ्या पोरांना हरवत होतो?" मग त्यांनी हाक मारली, "बून! आता प्रत्येक वेळी उजवीकडे पळत सुटायचं. लांब!"

"आणि चेंडू, कोच?"

"चेंडूचं नाव काढायचं नाही!"

बून उजवीकडे पळाला, दोघं त्याच्यामागे पळाले, आणि चेंडू मोकळ्या डाव्या बाजूने सुसाट! एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही! ब्रॅडविकच्या कोचना पत्ता लागेपर्यंत गुण झाले होते अठ्ठावीस–दहा.

मॅरितच्या घरी सणाच्या जेवणाची टर्की नेहमी शनिवारीच भाजली जायची, सामना उरकल्यावर. टेबलावर बून होता, डीनबाई होत्या, गस-डेल्फी तर होतेच. तेवढ्यात दारात मिस्टर क्विगली आले, मान खाली, हातात पाव. "पुतण्याने गळ घातली आणि मी ऐकलं. माझं चुकलं, कोच."

"कागद टाकून जाणारा मीच होतो," डॅड म्हणाले. "आत या. पाव गरम आहे ना?"

"या तिघांनी जे पाहिलं, ते आम्हा शहाण्यांना दिसलं नाही," डीनबाई म्हणाल्या. "कोच, तुम्ही इथेच राहताय." टाळ्यांचा कडकडाट झाला!

मग रीतीप्रमाणे एकेकाने आभार मानले. बूनने आईचे मानले, मिस्टर क्विगलींनी उघड्या दाराचे, डॅडनी तिन्ही मुलांचे. शेवटी मॅरितची पाळी आली.

"सोमवारी शाळा आहे," ती म्हणाली. "याच शाळेत. त्याबद्दल आभार."