अठ्ठेचाळीस नंबरची झडप

"मी तो फोन केलेला नाही," टेक्ला रिडेन खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "पण या गेव्ले गावात माझ्यावर विश्वास ठेवणारा एक माणूस सापडेल तर शपथ!"

आलारिक तोर्नेलने तिची ओली छत्री कोपऱ्यात उभी केली. खासगी तपासाच्या धंद्यात पडण्यापूर्वी तो बंदरावर जकात अधिकारी होता. समोरचा बोलत असताना गप्प राहायची सवय त्याला तिथेच लागली होती. त्याच्या मेहुण्याला, इवारला, ती कधीच लागली नव्हती.

"म्हणजे सेल्ग्रेनच्या बायकोची चहाडी?" वेलदोड्याचा पाव तोंडात असतानाच इवार बोलला. "ती तुम्हीच केलीत का?"

"इवार, आधी घास गिळ," तोर्नेल म्हणाला. "बाई, तुम्ही सुरुवातीपासून सांगा."

टेक्ला टेलिफोन केंद्रात जोडण्या देण्याचं काम करत होती. याल्मार सेल्ग्रेनचं फरच्या कोटांचं दुकान चौकात, आणि बिऱ्हाड दुकानाच्या वर. त्याच्या घरी ओळीने तीन बुधवारी, संध्याकाळच्या जेवणाआधी, टेलिफोन वाजला. कुणी बाई कुजबुजत सांगायची, की तुझी अल्फहिल्ड गाण्याच्या तालमीला जात नाही, भलत्याच घरी जाते. तिसऱ्या बुधवारी याल्मारने बायकोची पेटी रस्त्यावर ठेवली. आता ती बंदराजवळच्या एका हॉटेलात राहत होती आणि तो कोर्टात जायच्या गोष्टी करत होता.

"आणि कंपनीने मला घरी बसवलं. ग्राहकाने फोन केला तर दोन मुली तरी बघतात. पण आमच्यापैकीच कुणी गुपचूप घंटा वाजवली, तर कुणाला कळणार?"

"मग संशय तुमच्यावरच का?"

टेक्लाने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "माझं आणि याल्मारचं लग्न ठरलं होतं. मी मोडलं. गाव म्हणतं त्याने मला सोडलं, म्हणून मी तिच्यावर जळते."

"जळता का?"

"जळत होते. त्याने तिला रुपेरी कोल्ह्याची कॉलर घेतली, ती घालून ती चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायची. सगळं भजन मी त्या कॉलरकडे बघत म्हटलंय." ती थांबली. "आता नाही जळत. त्या बिचारीला रात्र रात्र झोप नसते."

"तुमची ओळख आहे?"

"नाही," टेक्ला पटकन म्हणाली. "येता-जाता दिसते, एवढंच."

"राहता कुठे?"

"कोळी गल्लीत, पिवळ्या दाराच्या घरात. मी तळमजल्यावर. वर चर्चचे गाण्याचे मास्तर राहतात, दिवसभर पियानो बडवतात."

ती गेल्यावर इवार म्हणाला, "भाऊजी, बाई डोळ्यांनी चांगली आहे, पण खोटं बोलते."

"बोलते खरी. पण कशाबद्दल, ते बघू."

टेलिफोन केंद्रात भिंतीएवढ्या लाकडी फळीसमोर मुली ओळीने बसल्या होत्या. प्रत्येक नंबरखाली एक भोक आणि वर छोटी पितळी झडप. ग्राहकाने घरी दांडा फिरवला की इथे त्याची झडप खट्‌कन पडायची. मग मुलगी भोकात दोरीची खुंटी घालून "नंबर?" असं विचारायची.

टेक्लाच्या शेजारी बसणारी सिग्रिड मोलीन म्हणाली, "तिन्ही बुधवारी मी इथेच होते. अठ्ठेचाळीसची झडप पडली. मी नंबर विचारला, कुणी बोलेना. खुंटी काढली."

"अठ्ठेचाळीस कोण?"

"सेल्ग्रेनच."

"त्यात काय आलं!" मागे उभे असलेले व्यवस्थापक फिसकारले. "बोलणं संपलं की ग्राहक दांडा फिरवतोच. ती ही झडप."

"नाही, साहेब. बोलणं चालू असलं की भोकात दोरी असते. अठ्ठेचाळीसचं भोक रिकामं होतं."

"मैत्रिणीसाठी बोलते आहे ही," व्यवस्थापक तोर्नेलला म्हणाले.

सिग्रिड लाल झाली. "मैत्रीण कसली! तिला खिडकीजवळची जागा दिलीत, मला दाराजवळची. तिच्यासाठी खोटं बोलायला मला काय पडलंय?"

सेल्ग्रेनच्या बिऱ्हाडात दार उघडलं ते याल्मारच्या बहिणीने. गेर्दा उंच, हाडकुळी होती आणि तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता.

"या किल्ल्या कालपर्यंत हिच्याकडे नसणार," इवार कुजबुजला.

ते गेर्दाने ऐकलं. "लग्न होऊन ती आली त्या दिवशी दिल्या, ती गेली त्या दिवशी परत घेतल्या. दहा वर्षं हे घर मी चालवलं. वाईट वाटलं का म्हणाल, तर हो, वाटलं. कॉफी दळायची गिरणीसुद्धा तिने दुसरीकडे हलवली. आणखी काय विचारायचंय?"

"टेलिफोन वाजला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"स्वयंपाकघरात. इथे भिंतीवर जरासं टिणटिणलं, याल्मार वखारीला फोन लावतो तेव्हा टिणटिणतं ना, तसंच. मग त्याचा आवाज आला, 'हॅलो, कोण बोलतंय?' आणि नंतर नुसतं 'हं, हं'."

"त्या वेळी अल्फहिल्डबाई?"

"यायच्या असायच्या. हाही नुकताच क्लबातून आलेला. त्याचे बूट आणि कोट वाळत घालायला मीच! दर बुधवारी चिंब."

क्लब त्याच इमारतींच्या ओळीत, छपराखालच्या पायवाटेने चार दारं पलीकडे होता. तोर्नेलने खिडकीतून तिकडे पाहिलं.

याल्मार दुकानात सापडला. देखणा होता, पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"टेक्लाने पाठवलं ना तुम्हाला? तिला आमचा संसार बघवला नाही."

"आवाज तिचाच होता?"

"कुजबुजत होती. बाईचा होता एवढं नक्की."

"आणि म्हणाली काय?"

हे त्याने एका दमात सांगितलं, जणू पाठच केलं होतं. "कोळी गल्लीतलं पिवळं दार. टोपीची जाळी चेहऱ्यावर ओढून येते. दाराशी थांबून मागे वळून बघते आणि मग आत शिरते. काळोख पडायच्या सुमारास बाहेर येते, डोळे पुसत."

"कुठल्या मजल्यावर जाते?"

"ते नाही सांगितलं. कशाला सांगायला हवं? वर तो गाणारा राहतो."

बाहेर पडल्यावर इवारने तोर्नेलची बाही धरली. "भाऊजी, सरळ आहे! पिवळं दार टेक्लाच्याच घराचं. खिडकीतून बघितलं, संध्याकाळच्या पाळीला कामावर गेली, घंटा वाजवली. नाहीतर मग ती गेर्दा. किल्ल्यांसाठी."

"गेर्दाकडे दुसरा टेलिफोन कुठाय? आणि टेक्ला खिडकीतून बघत असती, तर तिला मजला कळला नसता?"

इवार विचारात पडला, तो थेट घरी पोचेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोर्नेलने सगळ्यांना सेल्ग्रेनच्या बिऱ्हाडात बोलावलं. अल्फहिल्ड दाराजवळच उभी राहिली. बस म्हणूनही तिला कुणी म्हटलं नाही. टेक्ला तिच्याकडे बघत नव्हती. व्यवस्थापक घड्याळाशी चाळा करत होते.

"गेर्दाबाई, स्वयंपाकघरात जा आणि दार लावून घ्या," तोर्नेल म्हणाला. मग भिंतीवरच्या टेलिफोनचा दांडा त्याने स्वतः फिरवला. टिण, टिण. सिग्रिडचा आवाज आला, तसं तो म्हणाला, "आता तुम्ही इकडे वाजवा." त्याने टेलिफोन ठेवला. क्षणभराने घंटा अशी खणखणली की इवार दचकला.

गेर्दा बाहेर आली.

"त्या बुधवारी यातली कुठली ऐकलीत?"

"पहिली," गेर्दा म्हणाली, आणि तिचा चेहरा बदलला. "पण पहिली तर... ती इथून लावल्यावर..."

"बरोबर. बाहेरून फोन आला की घंटा खणखणते. दांडा इथून फिरवला की नुसती टिणटिणते, आणि केंद्रात याच घराची झडप पडते. सिग्रिडने तीच पडलेली पाहिली. टेक्लाने फोन केला असता, तर झडप पडलीच नसती आणि भोकात तिची दोरी दिसली असती. साहेब, त्या तीन बुधवारी या घरात कुणाचाच फोन आला नाही. दांडा याल्मारने फिरवला, सिग्रिड खुंटी काढेपर्यंत थांबला आणि मग रिकाम्या तारेशी बोलला."

"वेड लागलंय तुम्हाला!" याल्मार ओरडला. "मग मला कळलं कसं ते सगळं?"

"तुम्ही पाहिलंत म्हणून. जाळी ओढली, मागे वळली, डोळे पुसले. हे सगळं समोरच्या फुटपाथवरून दिसतं. मजला तेवढा दिसत नाही. क्लब छपराखाली आहे, तिथून माणूस चिंब होऊन येत नाही. तुम्ही बायकोच्या मागे भिजत हिंडत होतात. ते सांगायची लाज वाटली, म्हणून एक बाई बनवलीत. ती कोण अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा गावाने टेक्लाचं नाव घेतलं. तुम्ही ते खोडलं नाहीत. उलट कंपनीत जाऊन तक्रार केलीत."

याल्मार काउंटरवर टेकावं तसा टेबलाला टेकला.

"ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "गेलो मागे. पण ती त्या मास्तरकडे गेली, हे तर खोटं नाही ना?"

"टेक्लाबाई," तोर्नेल म्हणाला, "जिची ओळख नाही तिला रात्री झोप नसते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

टेक्लाने अल्फहिल्डकडे पाहिलं. अल्फहिल्डने होकारार्थी मान हलवली.

"ती माझ्याकडे यायची," टेक्ला म्हणाली. "तळमजल्यावर. कुणाला सांगणार नाही म्हणून मी वचन दिलं होतं."

"तुझ्याकडे? कशाला?"

उत्तर अल्फहिल्डने दिलं, अगदी हळू. "विचारायला, याल्मार. तू तिचेही खिसे तपासायचास का. चर्चमध्ये कुणी हसून बघितलं की घरी येऊन तिच्याशीही अबोला धरायचास का. मला वाटायचं, माझंच काही चुकतंय. ती म्हणाली, तिलाही तसंच वाटायचं. म्हणूनच तिने लग्न मोडलं."

व्यवस्थापक खाकरले. "रिडेनबाई, उद्यापासून कामावर या. जागा खिडकीजवळचीच."

याल्मारचं तिकडे लक्ष नव्हतं. तो टेक्लासमोर जाऊन उभा राहिला. माफी मागेल असं इवारला वाटलं.

"आणखी काय सांगितलं हिने तुला?" याल्मारने विचारलं. "तीन बुधवार काय नुसतं माझ्याबद्दलच बोलत होतात? दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं का हिने? खरं सांग."

अल्फहिल्ड एकदाच हसली, आवाज न करता. मग तिने टोपी सारखी केली.

"चारच्या गाडीने मी बाबांकडे जाते," ती तोर्नेलला म्हणाली. "पेटी हॉटेलात आहे."

ती दाराबाहेर पडली तसा किल्ल्यांचा आवाज झाला. गेर्दाने कमरेचा जुडगा सोडून टेबलावर भावापुढे ठेवला होता.

"गेर्दा, तू कुठे निघालीस?" याल्मार म्हणाला.

"पेटी जड आहे तिची," गेर्दा शाल घेत म्हणाली आणि जिन्यावरून हाक मारली, "थांब गं, अल्फहिल्ड. एक बाजू मी धरते."