आक्कानं मागे घेतलेली हरकत

जज्जसाहेब, तो खोटा कागद मनुबाईनं लिहिला नव्हता, तुमच्या कारभारानं तिच्याकडून तो लिहून घेतला! आणि खरं सांगायला ती पुढं आली, तेव्हा भुर्दंड कुणाला? तिलाच!

वडगावच्या त्या घरात दोन हातमाग. एकावर मनुबाई शहापुरी साडी विणायची. दुसरा तिचा धाकटा भाऊ बसवंत उद्यमबागेतल्या फौंड्रीत लागल्यापासून मुका पडलेला. आईबाप गेल्यावर याच मागावर बसून तिनं त्याला वाढवलं, त्याचं लगीन लावलं, स्वतःचं राहूनच गेलं... आणि लग्नानंतर वेगळं राहणाऱ्या त्याच बसवंतनं घराच्या वाटणीसाठी तिच्यावर दावा घातला. तो हरला. मग अपील केलं, ते मुदत टळून एकेचाळीस दिवसांनी. कारण दिलं : फौंड्रीत उजवा हात भाजला, दवाखान्यात होतो.

अपील मुदतीबाहेरचं म्हणून मनुबाईच्या वकिलानं हरकत घेतली. कोर्टाचा कारभार कन्नडमध्ये, म्हणून हा कागदही कन्नडमध्ये. बाजारात कन्नडमध्ये कडाकडा भांडणारी मनुबाई शिकली मराठी शाळेत. ती गोलगोल अक्षरं तिला कधी लागलीच नाहीत.

"काय न्हाय आक्का, मुदतीचंच हाय. इथं सही करा," वकील म्हणाला. तिनं केली.

त्यानंतर बसवंतनं तिच्याकडं पाहणंच टाकलं. दावा चालू असतानाही आठवड्यातून एकदा दारातून "आक्का, जेवलीस काय?" विचारून जाणारा भाऊ बाजारात समोर आला तरी मान फिरवू लागला. आठ महिने! दवाखान्यात तिनं स्वतःच्या हातानं त्याला पेज भरवली होती, त्या हाताच्या पट्ट्या बघून पदरात तोंड खुपसून रडली होती... मग असं काय झालं? वेडी आशा सुटेना; रोज ती दोन ताटं मांडायची, आणि दुसरं न उष्टावताच धुऊन पालथं घालायची.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारची अंबुबाई सुताच्या कांड्या न्यायला आली. ती कन्नड शाळेत शिकलेली. काढून ठेवलेले कोर्टाचे कागद चाळता चाळता ती थबकली.

"अय्य मनुआक्का, हे काय गं लिव्हलीस? बसूचा हात भाजलाच न्हाय, दवाखान्याचे कागद पैसे देऊन केल्यात म्हणून?"

"काय बोलतीस! परत वाच."

अंबुबाईनं बोट ठेवून परत वाचलं. "आनि खाली हाय बघ... हे सगळं मला मराठीत समजावून सांगितलंय."

मनुबाईच्या हातातला धोटा गळून पडला. म्हणजे आठ महिने तो हेच काळजात घेऊन फिरत होता! आपल्या सहीचं!

"हरकत मागं घेतली तर अपील चालंल," वकील दुसऱ्या दिवशी खेकसला. "घर जाईल आक्का, कळतंय काय?"

"जाऊ दे. त्याच्या हाताला मी खोटं म्हटलंय, ते आधी पुसा."

आणि ती तुमच्यासमोर उभी राहिली. "साहेब, माझी हरकत न्हाय. माझ्या भावाचा हात भाजलाय, मी डोळ्यांनी बघितलंय."

"मग शपथेवर असं का लिहिलंत? समजावून सांगितल्याचं खाली आहे."

"कुणीबी सांगितलं न्हाय, साहेब..."

तुम्ही मान वर केली नाहीत. हरकत मागे, उशीर माफ, अपील सुनावणीला. आणि आठ महिने फुकट घालवले म्हणून मनुबाईनं बसवंतला पाच हजार रुपये खर्च द्यावा!

तिनं दिला. साडीच्या मजुरीतला होता नव्हता तेवढा.

चौथ्या दिवशी दुपारी बसवंत दारात उभा. न वळणाऱ्या बोटांत त्याच नोटा. त्यानं त्या मागावर ठेवल्या.

"आक्का, हे घे. मला नकोत."

"कोर्टानं दिल्यात रं तुला."

"तू पेज भरवलीस, आनि मी... मी माझ्या वकिलानं वाचून दाखवलेलं खरं धरलं! तू असलं लिव्हणार न्हाईस, एवढंबी मला कळू नये व्हय?" तो उंबऱ्यातच बसून लहान पोरासारखा हमसू लागला.

मनुबाईला किती बोलायचं होतं! पण आठ महिने ओठांवर अडकलेलं तेवढंच बाहेर आलं, "जेवलास काय?"

दुसरं ताट आज भरलं. डाव्या हातानं त्याला भाकरी मोडेना; तिनं मोडून दिली.

"अपील काढून घेतो, आक्का."

"नको रं बाबा! काढून घेतलं की खर्च बसतोय!"

रडता रडता दोघंही हसले. घराचं काय ते आता दोन मागांच्या मधे बसून दोघंच ठरवतील.

पण साहेब, तुमची सुटका नाही! आठ महिने एक बाई कोरं ताट धूत राहिली, त्याचा खर्च कुणाच्या माथी मारलात? त्या कागदाच्या तळाशी लिहिलंय, मराठीत समजावून सांगितलं. कुणी? कुठल्या दिवशी? नाव सांगा, साहेब!