वठलेल्या फांदीवरचं घुबड

"हळू... त्या वठलेल्या फांदीवर बघा... घुबड!" गाइड कुजबुजला.

डोंगरावरच्या त्या चिमुकल्या वनउद्यानात ती मावशीच्या हट्टापायी आली होती. तिनं दुर्बीण लावली. घुबड कसलं, झाडाची गाठ होती ती! बाकीची मंडळी मात्र माना डोलावत होती. दिसलं नाही हे कबूल कोण करणार?

तिचा तर धंदाच चष्म्याचा. मंडळी पुढे गेल्यावर तिनं गाइडला विचारलं, "त्या पाटीवर काय लिहिलंय हो?"

"कुठल्या पाटीवर?"

"वाटलंच मला."

तो कानापर्यंत लाल झाला. "कुणाला सांगू नका. सगळे पक्षी मी आवाजावरून ओळखतो. घुबड दिवसा ओरडत नाही ना... तिथेच फसलो."

ती पुढच्या रविवारी भिंगांची पेटी घेऊन आली. मग दर रविवारी येतच राहिली. डोळे तपासायला एवढे रविवार लागत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

"आलात?" तो मागे न बघताच म्हणायचा.

"कसं कळलं?"

"पाचोळ्याशी इतकं भांडत दुसरं कोण चालतं?"

ती विरघळायची... पण हातभर अंतर राखून. भिंगं धरतानाही मुद्दाम त्याच्या मागे उभी राहायची. कारण ती होती नकटी, आणि मावशीनं त्यावरून म्हणी ऐकवून तिचे कान किटवले होते. चष्मा कधीच तयार झाला होता. तो पर्समध्येच दडून बसला. आवाजावर भाळलेल्या माणसाला नाक दिसलं तर?

एका रविवारी तिच्याकडे येता येता तो पायरी चुकला आणि थेट ओढ्यात बसला. मग मात्र तिला राहवेना. तिनं त्याला ओढून बाहेर काढलं आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

त्यानं आधी त्या वठलेल्या फांदीकडे पाहिलं. "अरे देवा! गाठ!" मग तो तिच्याकडे वळला. तिनं झटकन नाकावर हात ठेवला.

"सर्दी झालीय?"

"नाही. नाक... नकटं आहे."

"बघू तरी."

तिनं हात काढला. तो श्वास रोखून बघत राहिला.

"आहे खरं नकटं," तो म्हणाला. तिचा हात पुन्हा नाकाकडे गेला. "रोज मनात तुमचा चेहरा काढायचो... नाक तेवढं जमत नव्हतं. आत्ता जमलं. मला फार आवडलात तुम्ही. मावशींना भेटायला कधी येऊ?"

तिला हसू आवरेना, डोळेही भरून आले. "आधीच सांगते... नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात."

"असू देत," तो चष्मा सावरत म्हणाला, "आता लांबूनच दिसतील मला."