मशालवाल्याचा अंधार

तो आला तेव्हा टेबलाशी मी एकटीच होते.

टेबल म्हणजे लाकडी नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. लाकडी टेबल मागच्या खोलीत आहे, त्यावर हल्ली इस्त्रीचे कपडे पडतात. पूर्वी दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की त्याच्याभोवती आम्ही चौघं बसायचो – माझा मोठा भाऊ रोडेल, मावसबहीण टिनटिन, शेजारचा बोयेत आणि मी. कुणी योद्धा व्हायचं, कुणी चोर, कुणी वैदू. मी गोष्ट सांगायची, त्यांनी त्या गोष्टीत वावरायचं, आणि अडेल तिथे फासे टाकून नशिबाला विचारायचं. मग रोडेल रियाधच्या इस्पितळात नर्स म्हणून गेला. टिनटिन दोहाला. बोयेत जहाजावर. फिलिपिन्समधल्या आमच्या दुमागेते गावात असंच असतं, निरोप द्यायला गेलेल्यांपैकी कुणीतरी एक मागे उरतं. आईबाबा आधीच देवाघरी गेलेले, तेव्हा आमच्या घरात उरलेली ती मी.

म्हणून मी पडद्यावरचं टेबल मांडायला शिकले. तीन आठवडे रोज दुपारी धडे बघत होते. नकाशा चढवायचा, त्यावर चौकटी बसवायच्या, प्रत्येकाची एक सोंगटी करायची, भिंती आखायच्या, दिवे ठेवायचे. पहिल्या खेपेला माझ्या चौकटी इतक्या सरकल्या की रोडेलचा योद्धा अर्धा भिंतीत आणि अर्धा विहिरीत उभा राहिला. तो रियाधहून म्हणाला, "नेरिसा, मला आधी बाहेर काढ, मग राक्षस आण." किती दिवसांनी हसले होते मी…

जागा एक रिकामी होती. इंटरनेटवर गावच्या खेळाडूंच्या पानावर मी लिहिलं, रविवारी दुपारी दोन वाजता, नवख्यांचं स्वागत आहे. आणि त्या रविवारी, दोनला दहा मिनिटं असताना, पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली.

"नमस्कार. मी चुकीच्या दारातून तर नाही ना आलो?"

मी घाईघाईने माइक चालू केला. आवाज आला तो जरा भिजलेला, दबका. नाव जुनरे. समोरच्या सिकिहोर बेटावर, लारेनाच्या धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. रविवारी तिथे तो एकटाच असायचा.

"कॅमेरा नको, मॅम," तो म्हणाला. "इथलं नेट चेहरा ओढू शकत नाही."

"मॅम म्हणाल तर पहिल्याच फाशाला मारून टाकीन."

"मग… काय म्हणू?"

"नेरिसा म्हणा. आणि कोण व्हायचंय तुम्हाला? योद्धा? मांत्रिक?"

तो विचारात पडला. "सगळ्यांच्या पुढे मशाल घेऊन कुणी चालतं ना? ते काम कुणाचं?"

असं काम आजवर कुणी मागितलं नव्हतं. मी पटकन एक सोंगटी केली, तिच्या हातात मशाल काढली आणि बाकीच्यांच्या ओळीत उभी केली. तेवढ्यात दोन वाजले, सगळे आले, आणि मी गोष्ट सुरू केली.

गोष्ट सांगणं मला बाबांकडून मिळालं. उपवासकाळात आमच्या गल्लीत प्रभूच्या यातनांची कथा गाऊन वाचतात, आळीपाळीने, सकाळपासून सांजेपर्यंत. बाबा गायला बसले की कॉफी द्यायला आलेल्या बायका किटली हातात धरून तशाच उभ्या राहायच्या. कुठे स्वर लांबवायचा, कुठे एकदम थांबायचं, ते मी त्यांच्या मांडीवर शिकले. बाबा म्हणायचे, सांगणाऱ्याला देव आवाज देतो, पण तो पेलायला हुंकार देणारा लागतो.

जुनरे हुंकार द्यायचा. वाक्य संपलं की पलीकडून हलकेच "हं…" यायचं. त्या एका अक्षरासाठी मी वाक्यं लांबवायला लागले.

चौथ्या रविवारपर्यंत बाकीचे गळाले. रोडेलची पाळी बदलली, बोयेतचं जहाज कुठल्या कुठे गेलं, टिनटिनला तिथल्या ऑफिसात बढती मिळाली. कुणाचा काही दोष नव्हता. त्या रविवारी मी जुनरेला म्हटलं की आता आपण दोघंच, तुम्हाला थांबायचं नसेल तर मोकळेपणाने सांगा. माझ्या मनात मात्र धाकधूक होती. हाही गेला तर रविवार मिस्सेनंतर संपणार, आणि पुढचे सहा दिवस घरबसल्या पोटासाठी डॉक्टरांची पत्रं टाइप करत मी या घरात भिंतीशी बोलणार.

"मशालवाला शेवटी जातो," तो म्हणाला. "आधी गेला तर बाकीचे कसे निघतील?"

"बाकीचे गेलेच की."

"तू आहेस ना." मग गडबडून, "म्हणजे… तुम्ही."

"तू चालेल," मी म्हटलं. आणि बाहेर पत्र्यावर पावसाची सर आली ती मला खूप वेळ ऐकूच आली नाही.

तर असे आम्ही दोघं गुहेत उतरलो. त्याची एकच खोड होती. सोंगटी तो स्वतः कधी हलवायचा नाही. माऊस धड चालत नाही म्हणाला, मी सांगेन तिकडे तूच सरकव. आणि सारखं विचारायचा. डावीकडे काय आहे? पाणी कुठल्या रंगाचं? छत किती उंच? मी मशाल पेटवली गं, आता सांग. मी सांगायची. नकाशात नसलेलंसुद्धा सांगायची – खडकाला हात लावला की गार लागतं, वटवाघळांचा कुबट वास येतो, लांब कुठेतरी थेंब पडतोय. तो म्हणायचा, "हं… छान उजेड पडला."

खेळ संपला तरी आम्ही बोलत असायचो. बर्फाच्या लाद्या कोळ्यांच्या होड्यांत चढवताना त्याची बोटं बधिर होतात, हे मला कळलं. त्याची आई रेडिओवरची नाटकं ऐकत मासे साफ करायची आणि ती गेल्यापासून रेडिओ कुणी लावला नाही, हेही कळलं. मीही त्याला सांगितलं की स्वयंपाक एकटीचा केला तरी भात चौघांचाच होतो. त्यावर तो काही बोलला नाही. हुंकारही दिला नाही. पण त्या गप्प बसण्यात कुणीतरी शेजारी येऊन टेकल्यासारखं वाटलं.

टिनटिनला फोनवर सांगितलं तर ती हसली. "तो सोंगटी हलवत नाही? दर गोष्ट विचारून घेतो? अगं बाई, तो पडद्यासमोर नसतोच. तिकडे यंत्रांना तेल घालतोय आणि तू त्याचा रेडिओ झालीयस."

ते मला लागलं. कारण तेच भय माझ्या मनात आधीपासून दबा धरून होतं.

अकराव्या रविवारासाठी मी आठवडाभर खपून एक नवा नकाशा काढला. समुद्राखालची गुहा, निळी-हिरवी, छताला शिंपले. आणि शेवटच्या भिंतीवर, कोरल्यासारखी, एक ओळ लिहिली. तोंडाने म्हणायची माझी छाती नव्हती. डोळ्यांनी वाचेल, मग हो म्हणेल नाहीतर हसून टाळेल… काहीतरी कळेल.

ओळ अशी होती: जुनरे, या गुहेतून तुझ्याशिवाय मला बाहेर पडायचं नाही.

मी त्याची सोंगटी भिंतीपाशी नेऊन उभी केली.

"भिंतीवर काहीतरी कोरलंय," मी म्हटलं. "नीट बघ."

एक, दोन, तीन… मी श्वास मोजले.

"…पाहिलं," तो म्हणाला. "चल, पुढे जाऊ या."

पुढे वाट नव्हती. मी ती काढलीच नव्हती. नेट गेलं असं काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडले आणि मागच्या खोलीत जाऊन इस्त्रीच्या कपड्यांत तोंड खुपसलं. असं सौजन्याने नाही म्हणणारा माणूस फार वाईट. ओरडला असता तर भांडता तरी आलं असतं.

मंगळवारी दुपारी मी त्याला निरोप पाठवला. पुढच्या रविवारपासून टेबल बंद, आजवर आलास त्याबद्दल आभार. उत्तराची वाट न बघता सगळं पुसायला बसले. नकाशे पुसले, राक्षस पुसले. मग त्याची मशालवाली सोंगटी. पुसण्याआधी एकदा वाटलं, त्या दिवशी त्याने ती भिंत कशी पाहिली असेल ते बघावं. सोंगटीच्या डोळ्यांनी बघायचं एक बटण असतं. ते मी आजवर कधी दाबलंच नव्हतं, कारण खेळ चालवणाऱ्याला सगळा नकाशा कायम लख्ख दिसतो.

बटण दाबलं. पडदा काळा झाला.

आधी वाटलं वीज गेली. पण पंखा फिरत होता. मी सोंगटीची पाटी उघडली. प्रत्येक सोंगटीला दृष्टी द्यावी लागते, एका चौकोनात खूण करावी लागते. बाकी तिघांना मी दिली होती. त्या पहिल्या रविवारी घाईत याच्या हातात मशाल दिली… डोळे द्यायचे राहिले.

अकरा रविवार! निळ्या-हिरव्या गुहा, सोन्याचे पूल, रात्र-रात्र मनात घोळवलेले डोह – त्याला काळोखाखेरीज काही दिसलं नव्हतं. आणि मी, सगळं जग उजळून ठेवलंय या तोऱ्यात, त्याला नीट बघ म्हणत होते. देवाने क्षमा करावी असा तो आंधळेपणा, आणि तो सोंगटीचा नव्हता.

मी फोन लावला. पहिल्याच घंटेला त्याने उचलला.

"मी काही चुकलो का?" तो घाईने म्हणाला. "निरोप वाचला. मी–"

"जुनरे, तुला पडद्यावर काय दिसायचं?"

मागे कुणीतरी बर्फ फोडत होतं.

"काही नाही," तो म्हणाला.

"कधीच?"

"कधीच. पहिल्या दिवशी वाटलं, खेळ असाच असतो. आपण गुहेत आहोत, अंधार असणारच."

"आणि नंतर?"

"दुसऱ्या रविवारी बोयेत म्हणाला, त्या लाल दाराकडे नको. तू लाल म्हणाली नव्हतीस. तेव्हा कळलं, त्यांना दिसतंय."

"मग बोलला का नाहीस, गाढवा!" माझा आवाज फुटला. "नऊ आठवडे! माऊस बिघडलाय म्हणे."

"माऊस चांगलाय," तो ओशाळून म्हणाला. "नेरिसा… मला दिसायला लागलं असतं तर तू सांगणं बंद केलं असतंस. बाकीच्यांना तू सांगत नव्हतीस. ते बघत होते. मला एकट्यालाच सांगत होतीस." तो घुटमळला. "आठवडाभर माझ्याशी इथे लोक फक्त किती लाद्या एवढंच बोलतात."

मी भिंतीला टेकले.

"भिंतीवर काय होतं ते मला वाचता आलं नाही," तो म्हणाला. "पाहिलं म्हणालो, कारण नाही म्हटलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं. तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये. काय होतं गं?"

मी म्हटलं, थांब, आता दृष्टी देते, तूच वाच. एका खुणेचं काम.

"नको," तो म्हणाला. "आजवरचं सगळं तुझ्या तोंडून ऐकलंय. एवढंच का डोळ्यांनी वाचू?"

बाबा गायचे तेव्हा एक जागा अशी यायची की ते डोळे मिटायचे, आणि सगळी गल्ली त्यांच्यासाठी श्वास धरायची. मी डोळे मिटले. आणि म्हटली ती ओळ. आवाज कापला, मधेच अडला, पण शेवटच्या शब्दापर्यंत गेला.

पलीकडून हुंकार आला नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि तो लांबून कुणा वडीलधाऱ्याला म्हणाला की मानोंग, आजची यंत्रं तुम्ही बघा, मला पलीकडे दुमागेतेला जायचंय.

"चारची बोट आहे," तो परत येऊन म्हणाला. "येऊ?"

"मला ओळखशील कसा? तू मला पाहिलंच नाहीस."

"तू बोलत राहा. मी आवाजाच्या रोखाने येतो."

पाच वाजता मी धक्क्यावर होते. बोट लागली आणि माणसं उतरायला लागली – पिशव्या, कोंबड्या, खांद्यावर झोपलेली पोरं. हमाल ओरडत होते, रिक्षावाले गिऱ्हाइकं ओढत होते. इतक्या लोकांत एकटीने मोठ्याने बोलायचं म्हणजे वेड्याचं लक्षण. पण गप्प राहिले असते तर तो समोरून निघून गेला असता.

मी बोलायला लागले. आधी हळू, मग मोठ्याने. समोर समुद्र आहे, म्हटलं, आणि सूर्य मागे डोंगराकडे गेल्याने पाणी जांभळं झालंय. बोटीची दोरी ओली आहे. एक म्हातारी भाजलेलं मक्याचं कणीस कुणाशी तरी अर्धं वाटून खातेय. इथे एक बाई उभी आहे, एकोणतीस वर्षांची, तिने हिरवा झगा घातलाय आणि तिला फार भीती वाटतेय. एक हमाल माझ्याकडे बघून शेजाऱ्याला काहीतरी म्हणाला. मी बोलत राहिले. आभाळ सांगितलं, बगळे सांगितले, वाऱ्याला येणारा डिझेलचा वास सांगितला. आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. गर्दी पांगत आली होती.

मी थांबले.

दोन पावलांवर एक सडपातळ माणूस उभा होता. हातात एक छोटी पिशवी, बोटं बर्फाच्या कामाने पांढुरकी पडलेली, डोळे मिटलेले. किती वेळ उभा होता देव जाणे. त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं, अगदी पहिल्यांदा, सावकाश, जणू नकाशाच्या कडेपासून कडेपर्यंत.

"का थांबलीस?" तो म्हणाला.