हत्ती कितव्या मजल्यावर?

हॉटेलच्या जिन्याच्या वळणावर ती थबकली. वाटेत एक भारदस्त गृहस्थ पायरीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर एक तरुण हाताची सोंड करून उभा होता.

"...हत्तीने दीपगृहाच्या दारातून डोकं आत घातलं. बघतो तर काय—"

"काय?"

"ते वरच्या मजल्यावर, अण्णा."

अण्णा कुरकुरत उठले आणि कठडा धरून चढू लागले. तिला हसू आवरेना.

"माझे वडील," तो अंग चोरत म्हणाला. "हृदयाचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी रोज थोडे जिने चढायला सांगितलेत. पण सुट्टीला आल्यापासून लिफ्टच्या प्रेमात पडलेत."

"आणि हत्ती?"

"मी बालवाडीत शिकवतो. माझ्याकडे एवढंच औषध आहे."

ती हसत पुढे पळाली. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या डुचमळल्या. थांबून चालणार नव्हतं. सुट्टी संपताच अग्निशमन दलाची चाचणी होती. वजन घेऊन उंच मनोरा चढायचा. मागच्या खेपेला अर्ध्यातच तिचा दम संपला होता आणि आता ही शेवटची संधी होती. आई रोज म्हणायची, "अगं, सुट्टीत तरी जरा आडवी पड." ती मात्र नाश्त्याला फळं नि अंडी खाऊन जिना गाठायची, आणि वरच्या मजल्यांवर धापा टाकत खिडकीशी उभी राहायची.

दुसऱ्या दिवशी तिथे मागून आवाज आला, "काय दिसतंय?"

"समुद्र..."

"ही खिडकी तर पार्किंगवर उघडते."

ती लाजली. तोही जरा गोंधळला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही सुरुवातच फार जोरात करता. बोलता येईल इतक्याच वेगाने चढून बघा ना."

"बोलू कुणाशी?"

"अण्णा आहेत... मीही आहे तसा."

मग ती त्यांच्याबरोबर चढू लागली, आणि चढता चढता तिने चाचणीचंही सांगितलं. अण्णा दमले की तो थांबायचा, पण 'चला लवकर' असं कधी म्हणायचा नाही. त्याचा हात वडिलांच्या पाठीमागे असायचा. पाठीला न टेकता, पण तोल गेलाच तर सावरेल इतका जवळ. ती गोष्ट ऐकता ऐकता त्या हाताकडेच बघत राहायची. इतकी माया, आणि तिचा जराही गाजावाजा नाही...

एके सकाळी त्याचा घसा बसला.

"आज तू सांग गं पोरी," अण्णा म्हणाले. "माझा हत्ती कालपासून अडकून पडलाय."

मग पाठीवर ओझं घेऊन तिनेच हत्तीला वर नेलं. हत्ती कठड्यात अडकला, रुसला, त्याने खारीशी भांडण केलं. तिच्या मागून दोघं हसत येत होते. आणि गच्चीचं दार समोर आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण अजून बोलतोय. दम शिल्लक होता.

ती वळली. तो तिच्याकडेच बघत होता, एखाद्या मुलाने पहिल्यांदा सरळ रेघ काढावी तशा कौतुकाने.

निघायच्या दिवशी तिने विचारलं, "हत्ती वर पोचला. पुढे काय?"

"शेवट चाचणीनंतर, तिथेच येऊन सांगेन," तो बसक्या आवाजात म्हणाला.

चाचणीच्या दिवशी मनोऱ्याखाली शिट्टी वाजली. बाकीच्या मुली सुसाट सुटल्या. ती मात्र मनातल्या मनात सांगू लागली... हत्तीने दारातून डोकं आत घातलं, बघतो तर काय... एकेक मुलगी मागे पडत गेली. शेवटच्या पायरीवर पाय ठेवताना ओझं जड होतं, पण श्वास तिच्या ताब्यात होता.

निकाल ऐकून ती बाहेर आली. कुंपणापाशी अण्णा उभे होते आणि त्यांच्या पाठीमागे तोच हात.

"पास झाले," ती म्हणाली. "आता शेवट सांग."

'सांगा' नाही, 'सांग'... त्याने ते ऐकलं, आणि त्याचे कान लाल झाले.

"वर पोचल्यावर हत्तीला खाली उतरावंसंच वाटेना."

"का?"

"वर दिवा लावणारी होती ना... त्याला तिच्याजवळच राहायचं होतं. म्हणजे मला. तुझ्याजवळ."

 तिने हात पुढे केला, आणि त्याने तो धरला.

"एवढं एक वाक्य बोलायला," अण्णा बाकाकडे वळत म्हणाले, "याने मला अख्खं हॉटेल चढायला लावलं."